पद्मिनी पाळायची असेल तर: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जुनी गाडी

जुन्या फियाटचं इंजिन कधीही होतं. पिस्टन-रिंग मिळतात, हेड घासून मिळतं, क्रँक लेथवर जातो, आणि ही कामं करणारे कारागीर वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत आजही सापडतात. पत्र्याचं तसं नाही. तो एकदा आतून सडला की गाडीच्या किमतीएवढा खर्च त्यावरच होतो. कागद त्याहून वाईट, कारण ते पैसे टाकूनही उभे राहतीलच असं नाही. म्हणून नव्या माणसाने जुनी गाडी बघायला जाताना क्रम ठरवून घ्यावा: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन. बहुतेक जण नेमके उलटे जातात. सेल्फ मारला, इंजिनाचा आवाज गोड लागला, की बयाणा देऊन मोकळे.

गाडी कोणती घ्यावी

पहिली गाडी म्हणून पेट्रोलवरची प्रीमियर पद्मिनी घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती बनली. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, अशी नावं बदलत गेली तरी आतला ढाचा तोच राहिला: १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, चारही चाकांना ड्रम ब्रेक. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. पण मुंबईची टॅक्सी म्हणून ही गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक या पट्ट्यात जेवढे आहेत तेवढे दुसरीकडे मिळणं कठीण. लांबी चार मीटरच्या आत असल्याने सोसायटीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्येही ती बसते.

अ‍ॅम्बेसेडर दणकट आहे, पण जड आणि मोठी. स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चेसी असते, म्हणून बॉडी सडली तरी गाडी वाकत नाही. तिच्या भागांसाठी मात्र वणवण करावी लागते. जुन्या जीपच्या बाबतीत सावध राहा. एकीची चेसी, दुसरीचं इंजिन आणि तिसरीचे कागद अशा जुळवलेल्या जीप बाजारात बऱ्याच फिरतात. पद्मिनीतलीच डिझेलवाली १३७डी स्वस्तात मिळेल, पण पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका. तिच्या इंजिनाचे भाग पेट्रोलवालीसारखे हाताशी नसतात.

कागद

आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. नंबरावर रंग चढला असेल तर पॉलिश पेपरने हळू घासा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि ठसा घ्या. आकड्यांची ओळ वाकडी, एखादा आकडा जास्त खोल किंवा भोवतालचा पत्रा वेल्डिंगने चढवलेला दिसला, तर तिथूनच परत फिरा.

मग नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांची नोंद संगणकावर आलेलीच नसते. अशा वेळी मूळ आरटीओत जाऊन 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. ठाण्याची गाडी एमएच-०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३, पनवेलची ४६. 'एमएच' येण्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरांचे नंबर असतात, एमएमएच किंवा एमआरएफ अशा धाटणीचे. बॅकलॉगचं काम विकणाऱ्याकडून, त्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्या. एकदा पैसे हातात पडले की तो तुमच्यासोबत खिडकीवर उभा राहणार नाही.

हस्तांतरणाला नमुना २९ आणि ३० लागतात, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर एनओसीसाठी नमुना २८. आरसीवर जुना बोजा चढलेला असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५. चाळीस वर्षांपूर्वीचं कर्ज फेडलेलं असतं, फक्त आरसीवरून उतरवलेलं नसतं, आणि ती बँकसुद्धा आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. हे निस्तरायला महिने जातात. तेवढे महिने किमतीतून वजा करायला लाजू नका.

'१५ वर्षं झाली की गाडी भंगारात' हे इथे खरं नाही. वयावरून बंदी हा दिल्ली परिसरातला विषय आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नमुना २५ भरून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याबरोबर पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा आलाच. २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये चांगलीच वाढली आहे, त्यामुळे सौदा करण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर चालू दर बघा आणि मागची थकबाकी कोण भरणार ते लिहून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

आता 'व्हिंटेज' नोंदणीबद्दल, कारण यावरून फार गोंधळ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडताहेत, त्यामुळे विकणारे 'व्हिंटेज होईल, साहेब' म्हणून भाव चढवतात. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी चहाला जायचं असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवा आणि तीच वाढवत राहा.

पत्रा कसा बघावा

पद्मिनीला वेगळी चेसी नाही, बॉडी हीच तिची चेसी. दाराखालची पोकळ पट्टी, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलते. ती सडली की गाडी मधून खचते. हे तपासायला अवजारं लागत नाहीत. दार उघडा, हँडलला धरून हलकंच वर उचला आणि बंद करा. बिजागरी ठीक असूनही दार खालच्या कोपऱ्यात घासत असेल, किंवा दार आणि मागच्या खांबामधली फट वर बारीक आणि खाली रुंद दिसत असेल, तर सिल गेलेली आहे.

एक लहान मॅग्नेट रुमालात गुंडाळून सोबत न्या. तो चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या चार इंचांवरून, सिलवरून आणि डिकीच्या झाकणाच्या कडेवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आत पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दोन-तीन मिलिमीटर लांबी कुठल्याही जुन्या गाडीत असतेच. मॅग्नेट पूर्ण गळून पडला तर ते भोक बुजवलेलं आहे असं समजा.

नंतर मॅट उचलायला सांगा. विकणारा कुरकुरला तरी आग्रह धरा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोथट स्क्रूड्रायव्हरने टोचा. निरोगी पत्रा 'टण्ण' वाजतो, सडलेला बिस्किटासारखा आत जातो. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पुढच्या टोकाची ब्रॅकेट, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतली स्टेपनीची जागा या तीन ठिकाणी हमखास गंज असतो. बॅटरीखाली अ‍ॅसिडमुळे, स्टेपनीखाली डिकीच्या रबरातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे.

डिकीच्या तळात सारख्या अंतरावर बुजवलेली चार भोकं दिसली तर तिथे कधीतरी सीएनजीची टाकी होती. टपावर आतून कापड ताणलेलं असेल तर वरून बोटं फिरवून बघा, टॅक्सीचा कॅरियर किंवा दिवा काढून बुजवलेल्या जागा लागतात. टॅक्सीची खासगी केलेली गाडी वाईटच असते असं नाही. पण तिने पोटात काही लाख किलोमीटर घेतलेले असतात आणि आरसीवर तो बदल नोंदलेला असायलाच हवा.

शेवटी एक बादली पाणी मागा आणि पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर हळूहळू ओता. पाच मिनिटांनी डॅशबोर्डखाली हात घाला. ओलं लागलं तर काचेचं रबर गेलंय आणि त्याखालचा पत्राही बहुतेक गेलाच आहे.

इंजिन, थंड असताना

इंजिन थंड असताना पोचा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमधून निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबला तर वॉल्व्हचे गाइड झिजलेत. चालवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे असतील तर हेड गॅसकेट उडालंय. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याने हेडमधल्या पाण्याच्या वाटा आतून कुरतडल्या जातात, मग गॅसकेट बदलूनही टिकत नाही.

कॉम्प्रेशन गेज मिळाला तर चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. आकडा किती यापेक्षा चार सिलेंडरमधला फरक बघा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलेंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग गेली, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅसकेट. एवढं कळलं तरी सौद्यात तुमचं पारडं जड होतं.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी उठवणं

इथे घाई केली की चांगलं इंजिन मरतं. नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण चिकटलेली रिंग तुटते आणि सिलेंडरवर कायमचा ओरखडा पडतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दहा मिलिलिटर पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर दोघांनी हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर प्लगच्या भोकांवर फडकं ठेवून आणखी चार-पाच वळसे द्या. न फिरल्यास जोर लावू नका. पुन्हा ऑइल, पुन्हा एक रात्र.

जुनं ऑइल सोडून २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर घाला. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं घट्ट आणि आंबूस झालेलं असतं, ते पंपात ओढू देऊ नका. पंपाची नळी टाकीपासून सोडवून एका लिटरच्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल घेऊन त्यात बुडवा. आता प्लग न लावताच सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझल्यावर प्लग लावा. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर, डेल्कोमधल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, पॉइंटचा साधारण ०.४. पॉइंटवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर बारीक पेपरने घासा, किंवा सरळ नवा पॉइंट आणि कंडेन्सर बसवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांना चिकटपट्टीने नंबर घातले नाहीत तर हा क्रम शोधण्यात दुपार जाते.

ब्रेक सगळ्यात आधी करायचे, हे इथे मुद्दाम शेवटी लिहिलंय कारण लोक ते तसंच करतात. इंजिन चालू झालं की मोह आवरत नाही आणि गाडी गेटबाहेर जाते. उभ्या गाडीत व्हील सिलेंडरचे रबर चिकटून फाटलेले असतात; पहिला ब्रेक लागतो, दुसऱ्याला पेडल तळाशी जातं. चारही ड्रम खोला, व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडरचे किट बदला, रबरी होज नवे घाला, संपूर्ण डॉट ३ फ्लुइड नवं भरा. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून इथल्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायचं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उतरतो.

गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबर, डिफरन्शियलमध्ये ईपी ९०. पुढच्या सस्पेन्शनमधल्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, ग्रीस निपल असतात. त्यांत ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा, आणि पुढे दर दोन हजार किलोमीटरला हेच. निपल तुंबला म्हणून सोडून दिला की किंगपिन सुका चालतो आणि स्टेअरिंग दगडासारखं होतं. कूलंट एक भाग, डिस्टिल्ड पाणी दोन भाग. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मेकॅनिक हमखास देईल. ऐकू नका. रेडिएटर साफ असेल तर थर्मोस्टॅटसकट गाडी ट्रॅफिकमध्ये टिकते. तो काढला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये ओल साठते.

सडलेला पत्रा बदलताना

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा, वेल्डिंगचे टाके मारून बसवा, दोन्ही बाजूंना. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, लेव्हल करून ठेवा. हे न करता सिल कापली तर बॉडी जाग्यावर खचते, आणि नवी सिल त्या खचलेल्या मापावर बसते. मग दारं आयुष्यभर लागत नाहीत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही गाडीबाहेर काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका.

सिल आणि तळाला १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा. बाहेरच्या बॉडीला २० गेज. सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि मग ती लाट लपवायला लांबी थापली जाते. टाके वीस-पंचवीस मिलिमीटरचे, एक इथे, दुसरा हातभर लांब, असे घ्यायला सांगा. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा 'पॅच' म्हणून चढवू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मधे ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात.

वेल्डिंग झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर, आणि सिलच्या आत नळीने कॅव्हिटी वॅक्स. सिलच्या खालची पाणी निघायची भोकं उघडी ठेवा. अंडरबॉडी कोटिंगवाले ती हटकून बुजवतात. साधा राखाडी प्रायमर सच्छिद्र असतो. 'प्रायमरवर आणलीय, रंग नंतर करू' म्हणून खाडीकाठच्या हवेत चार महिने उभी ठेवलेली गाडी त्या प्रायमरखालून गंजायला लागते.

रंग, क्रोम आणि दिसणं

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात रंगावर पांढरट झाक चढते आणि ती पॉलिशने जात नाही. पीयू रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा तो घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारायचा विचार सोडा. मूळ रंग शोधायचा तर काचेच्या रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे बघा, तिथवर नंतरच्या रंगाऱ्याची गन पोचलेली नसते. आरसीवरच्यापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

क्रोमला देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा आणि तुकडे मोजून द्या. बंपर पोलादी असतो. त्यावर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तीन थर हवेत. स्वस्तातला कारागीर तांबं गाळतो, दिसायला फरक पडत नाही, पुढच्या पावसाळ्यात मात्र बंपरवर तपकिरी ठिपके फुटतात. मझॅकचे (जस्ताच्या मिश्रधातूचे) तुकडे, म्हणजे हँडल, बोधचिन्हं, काही आरशांचे दांडे, वेगळे सांगून द्या. तेजाबात जास्त वेळ बुडवले तर ते विरघळून खडबडीत होतात आणि परत येतात तेव्हा ओळखू येत नाहीत.

जाळी, हबकॅप, तिकोनी काचेचा खटका, असल्या वस्तूंसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. जुना तुकडा खिशात घेऊन जा, फोटो नको. पद्मिनीची जाळी आणि दिवे वर्षागणिक बदलत गेले, भोकांची अंतरं जुळत नाहीत. रुंद अलॉय चाकांच्या नादी लागू नका. मूळ ५.२०-१४ च्या टायरसाठी बनलेल्या किंगपिन आणि बेअरिंगवर त्यांचा भार येतो, आणि गाडी दिसतेही पाय सुजल्यासारखी.

आजचं पेट्रोल

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतल्या काळ्या रबरी नळ्या त्याने फुगतात, आतून सुटतात आणि त्यांची भुकटी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसते. गाडी मिसिंग मारते, लोक डेल्को खोलत बसतात. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी एसएई जे३० आर९ दर्जाची घ्या, पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल झेलणारा बसवा, टाकी आणि पंपामध्ये पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि तळ गंजवतं. गाडी दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची फ्लोटची वाटी दोन्ही रिकाम्या करा.

पावसाळा

निळी ताडपत्री गाडीवर कधीच टाकू नका. खालची जमीन ओल सोडते, ताडपत्री ती अडवते, आणि आतल्या बाजूने थेंब थेंब गाडीवरच पडत राहतात. सच्छिद्र सुती कव्हर घ्या आणि छताखाली ठेवा. मॅट आणि त्याखालचा नमदा काढून घरात न्या. हँडब्रेक लावू नका, शू ड्रमला चिकटतात. चाकांखाली लाकडी ठोकळे लावा. क्लच पेडल दाबून सीटच्या फ्रेमपर्यंत लाकडी काठी अडकवा, नाहीतर ऑगस्टअखेर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली सापडते. बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला तारेची जाळी, कारण उंदरांना दोन्ही जागा घर वाटतात.

अधूनमधून पाऊस उघडला की दहा किलोमीटर तरी चालवून आणा. उभ्या जागी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा उपयोग नाही. सायलेन्सर आणि ऑइल पुरते तापत नाहीत, आत तयार झालेलं पाणी तसंच राहतं.

मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडे जागा असेल तर तिथे शेड बांधणं सगळ्यात चांगलं, पण खाली माती नको. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच, काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिकचा कागद, माप किमान बारा बाय वीस फूट आणि समोरासमोरच्या भिंतींना वरखाली झरोके. पत्र्याच्या छताला आतून थर्माकोल किंवा तत्सम अस्तर लावा, नाहीतर पहाटे छतच ठिबकतं. गाडीखाली काम करायला खड्डा खणायचा मोह होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते, आणि हातदिव्याची एक ठिणगी पुरते. खड्ड्याऐवजी दोन रॅम्प आणि चार घोड्या घ्या.

पहिली चक्कर

डिकीत एवढं असू द्या: डबल पान्यांचा आणि गोटी पान्यांचा सेट, पक्कड, फिलर गेज, प्लग पाना, एक जुळवलेला पॉइंट-कंडेन्सर, फॅन बेल्ट, दोन प्लग, मीटरभर पेट्रोलची नळी, क्लिपा, पाच लिटर पाणी आणि अग्निशामक. घोडबंदर रोड किंवा शिळफाट्याकडे लगेच जाऊ नका. रविवारी सकाळी सातच्या आत पाम बीच मार्ग घ्या; सरळ, सपाट, बाजूला थांबायला जागा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, कारण तिला डिस्क ब्रेक आहेत आणि तुम्हाला ड्रम. गर्दीत अडकून गाडी गरम झाली आणि एकाएकी बंद पडली, तर बहुधा पेट्रोलची नळीत वाफ झाली असते. बॉनेट उघडा, पंप आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळा, पंधरा मिनिटं थांबा. सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही जाईल.

घरी आल्यावर गाडी सावलीत लावा आणि चारही चाकांजवळ आळीपाळीने हात न्या. तीन कोमट आणि एक भाजत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. पुढच्या रविवारच्या आधी तोच ड्रम खोलायचा.